दुसरी देवघेव वही

आमच्या ग्रंथालयात देवघेवीच्या वह्या दोन आहेत. पहिली कुठल्याही शाळेत असते तशी: तारीख, नाव, इयत्ता, तुकडी, दाखल क्रमांक, सही, परत. दुसरी शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. ती टेबलाच्या डाव्या खणात असते आणि तिच्यात पुस्तकाची नोंद एकही नाही. पहिल्या पानावर डिसेंबर २०१८ मधली ओळ आहे : ‘गणिताचे सर, प्लिकर्सची कार्डं ४०, सात दिवस.’ मुलांनी उत्तर द्यायची छापील कार्डं ती, फोनने वाचायची. त्यांचं पुढे सांगते. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा चुकून हीच वही उघडली. “हे काय?” “साधनं, साहेब. शिक्षक वर्गात वापरायला नेतात.” “म्हणजे नकाशे, पृथ्वीगोल वगैरे?” मी म्हटलं, “हो, तसंच.” त्यांनी समाधानाने शिक्का मारला. तो शिक्का अजून त्या पानावर आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत २००६ साली अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून लागले. पगार अर्धा, हे ‘अर्धवेळ’मधलं पक्कं. बाकी पाठ्यपुस्तक वाटप, कुणी रजेवर असलं की बदली तास, आणि ‘सरल’ ही सरकारी ऑनलाइन प्रणाली आल्यावर तिच्यात मुलांची माहिती भरणं, हे सगळं त्याच अर्ध्या वेळात. ग्रंथपाल बसूनच असतात, असा स्टाफरूममध्ये एक दृढ समज असतो. त्याच्याशी मी पहिली पाचेक वर्षं भांडले, नंतर सोडून दिलं.

संगणक मी हौसेने शिकले नाही. एमएस-सीआयटी केलं ते वेतनवाढ अडू नये म्हणून. माउस धरलेल्या हाताला घाम यायचा. परीक्षेत बऱ्यापैकी गुण मिळाले आणि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या संगणकावर फाइल कुठे ठेवली ते सापडेना. शिकले ते त्यानंतर, आणि ते एका नुकसानीमुळे.

झालं असं की दोन उन्हाळी सुट्ट्या घालवून मी दाखल नोंदवहीतली चार हजारांवर पुस्तकं संगणकात चढवली. मराठी फॉन्ट गावातल्या टायपिंगवाल्याकडून घालून घेतला होता. पुढे तो संगणक बसला. मी निर्धास्त होते, कारण फाइल पेन ड्राइव्हवर होती. नवीन संगणकावर ती उघडली, तर लेखक, पुस्तक, प्रकाशक अशा सगळ्या रकान्यांत इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंसांची खिचडी. किंमत आणि दाखल क्रमांक तेवढे शाबूत. मी दार लावून घेतलं आणि रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

कारण पुढे कळलं. ते जुने फॉन्ट म्हणजे मुखवटे होते. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच जायची, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकार चढवायचा. फॉन्ट नाही, तर मुखवटा नाही. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ‘ख’ला स्वतःचा. अक्षरांनाही दाखल क्रमांक असतो म्हटल्यावर ही गोष्ट माझ्या डोक्यात जी बसली ती बसलीच. इन्स्क्रिप्टचा कळफलक कागदावर काढून भिंतीला चिकटवला आणि पुन्हा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. बाराशे पुस्तकं झाल्यावर कुणीतरी सांगितलं की जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम असतात. फुकट.

त्या बाराशे पुस्तकांनी मला एक दिलं. शाळेत युनिकोड येणारी मी एकटी झाले. प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की तिचीही तशीच खिचडी व्हायची, म्हणून आधी आमचे क्लार्क आले, मग मराठीच्या मॅडम आल्या. त्यांची तक्रार वेगळी होती. “अहो, मी ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहितेय आणि हा ‘दर्या’ करतोय. सह्याद्रीत समुद्र आणलाय याने.” अर्ध्या र साठी खालचा टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, हलन्त द्यायचा, मग य. त्यांनी तीनदा करून पाहिलं, ‘दऱ्या’ उमटल्यावर टाळी वाजवली आणि हे सूत्र प्रश्नपत्रिकांच्या फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं. मी कुणाला काही शिकवलं असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. पंधरा मिनिटं लागली. पुढे किती वर्षं हा पंधरा मिनिटांचा धडा मी विसरले होते, ते आता सांगते.

मध्यंतरी विद्यापीठातल्या एका कार्यशाळेत ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर पाहिलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर बंद पडेल अशी भीती होती. त्यांनी नवं करवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये सुरू केलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, आणि तीही साधी नव्हे, परतफेडीचं भान असलेली. आमच्याकडे आहेर म्हणतात तसं काहीसं. घरी येताना एसटीत मला तोच शब्द पुरला. कोहा मात्र शाळेत चाललं नाही. त्याला विंडोज चालत नाही, लिनक्स लागतं, सांभाळणारं माणूस लागतं. तीन रविवार झटले आणि सोडलं. आमची सूची आजही साध्या गुगल शीटवर आहे, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, एवढं वर्गीकरण मुलांना पाठ आहे, आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

२०१८ मध्ये बालभारतीच्या पुस्तकांवर काळे-पांढरे चौकोन दिसू लागले. ते क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी ॲपमध्ये उघडतात हे स्टाफरूममध्ये दोघातिघांनाच माहीत. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुम्हाला येतं ना, एकदा सगळ्यांना दाखवून टाका.”

मी दाखवून टाकलं. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास, तेवीस शिक्षक आणि चौदा डिजिटल साधनं. रात्र रात्र जागून केलेल्या चौऱ्याऐंशी स्लाइड्स. इंटरनेट माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटवर. सहाव्या साधनापर्यंत मागच्या बाकावर वह्या तपासणं सुरू झालं होतं. नवव्याला वीज गेली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. चहा आणि क्रीमरोल झाले. गणिताचे सर थांबले होते. भला माणूस. म्हणाले, “मॅडम, छान होतं. पण सोमवारी मी नक्की काय करायचं?”

मला राग आला. एवढं केलं त्याचं हेच का, असा. रविवारी दुपारपर्यंत तो टिकला. मग लक्षात आलं, पाचवीतलं मूल येऊन “बाई, भुताचं पुस्तक द्या” म्हणतं तेव्हा मी त्याला चौदा कपाटं उघडून दाखवत नाही. एक पुस्तक काढते, हातात देते, सात दिवसांनी परत ये म्हणते. आणि परत आलं की विचारते, “घाबरलास का?” एवढीच तर माझी विद्या. ती मी मुलांसाठी वापरत होते आणि शिक्षकांसमोर कंपनीचा विक्रेता झाले होते.

रंगनाथन यांचे पाच नियम ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने घोकलेले असतात. १९३१ सालचं ते पुस्तक. तिसरा नियम, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. रंगनाथन मुळात गणित शिकवायचे. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा रिकाम्या ग्रंथालयात बसून इतके कंटाळले की परत वर्गावर पाठवा म्हणाले. हे वाचल्यापासून मला ते फार जवळचे वाटतात. तर चौथा नियम मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिला होता. तेवीस जणांचे दोन-दोन तास खाल्ल्यावर तो कळला.

सोमवारी निळी वही आणली. एका वेळी एकच साधन न्यायचं. मी स्वतः वापरून पाहिलेलं असेल तेच द्यायचं. ‘परत’चा रकाना सवयीने आखला गेला. त्यावरून सगळे हसले. ॲप परत कसं करायचं? पण तो राहिला, आणि परत करताना माणूस दोन मिनिटं उभं राहून बोलतो, हीच पुढे त्या वहीची खरी मिळकत ठरली.

गणिताच्या सरांना काय द्यायचं याचा मी आठवडाभर विचार केला. आमच्या मुलांकडे शाळेत फोन नसतात आणि नसावेत. वर्गात फोन एकच, सरांचा. प्लिकर्स नेमकं त्यासाठीच आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळ्या चौकटींचा एक आकार. आकाराच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर ज्या बाजूला आहे ती वर करून कार्ड धरायचं. सरांनी समोरून फोन फिरवला की कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते फोनवर दिसतं. प्रत्येकाचा आकार वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उपयोग नाही. नववीच्या वर्गात कधी हात वर न करणारी मुलंही कार्ड वर करतात, कारण चुकलं तरी ते फक्त सरांना कळतं.

कार्डं मी पदरच्या पैशांनी लॅमिनेट करून आणली, चकचकीत. टिकावीत म्हणून. पहिल्याच तासाला खिडकीकडच्या तीन रांगा फोनला दिसेनात. लॅमिनेशनवर उजेड पडून आकार पांढरेफटक. सर कॅमेरा घेऊन बाकांमधून वाकत, तिरपे होत फिरत होते, आणि मुलं हसून लोटपोट. हात दाखवून अवलक्षण! दुसरा संच साध्या जाड कागदावर छापला, तो आजवर चालतोय. सर कार्डं परत करायला आले तेव्हा म्हणाले, “मला वाटत होतं अपूर्णांक पोरांना आलेत. एकवीस जणांना छेद-अंश कुठला हेच ठाऊक नाही.” कार्डांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मला ते फार आवडलं.

दुसरी नोंद इतिहासाच्या सरांची. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, आणि “हे तुमचं नवीन काही मला सांगू नका” असं त्यांनी आधीच बजावलेलं. त्यांच्याकडे मात्र आमच्या तालुक्यातल्या वाड्यांची, वीरगळांची, जुन्या घाटवाटांची तीस वर्षांची टिपणं होती, पाठकोऱ्या कागदांवर, त्यांनाच लागेल अशा अक्षरात. गुगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठी आणली होती. मी त्यांच्या फोनवर माइकचं चिन्ह दाखवलं आणि म्हटलं, एक वाक्य बोला. ते खाकरले. “या गावाच्या वेशीवर तीन वीरगळ आहेत पूर्णविराम.” फोनने इमानेइतबारे लिहिलं : ‘तीन वीर गळ आहेत पूर्णविराम’. सर चष्मा वर करून बघत राहिले. “वीर तोडला त्याने. पण बाकी बरोबर लिहिलंय की.”

पुढचे दोन महिने मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या कोपऱ्यातून भाषण ऐकू यायचं. मी तोडलेले शब्द जोडायचे, विरामचिन्हं घालायचे. निवृत्त होताना त्यांनी एकशे चाळीस पानांची स्पायरल बांधणीची प्रत ग्रंथालयाला दिली. तिला दाखल क्रमांक देताना माझं अक्षर जरा जास्तच चांगलं आलंय. वहीत त्यांच्या नावापुढचा ‘परत’चा रकाना रिकामाच आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली आणि जे तेवीस जण चौदा साधनांना कंटाळले होते ते सगळे एकदम माझ्या फोनवर आले. त्या दिवसांबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालं आहे, मी थोडक्यात आवरते. ऑनलाइन तासाला निम्मी मुलं नसायची, कारण फोन वडिलांचा आणि वडील रानात. म्हणून मी रोज रात्री आठ वाजता, फोन घरी आलेला असेल अशा बेताने, व्हॉट्सॲपवर एक गोष्ट वाचून पाठवायची. सात-आठ मिनिटांची. तिथे पहिला पेच पडला. सहकारी पुस्तकांच्या पीडीएफ मागत होते आणि स्वतःही सर्रास पाठवत होते. मी नाही म्हटलं. “अडचणीच्या काळात कसला कॉपीराइट?” अशी दोनचार बोलणी खाल्ली. पण लेखकाच्या पोटावर पाय देऊन वाचनसंस्कृती वाढवायची, हे मला पटत नव्हतं. तेव्हा ‘स्टोरीविव्हर’ कामाला आलं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींचं भांडार खुल्या परवान्याचं आहे : वाचा, छापा, भाषांतर करा, फक्त मूळ श्रेय द्या. सहावीतल्या एका मुलीने त्यातल्या एका गोष्टीचं तिच्या आजीच्या बोलीत भाषांतर करून पाठवलं, आजीच्याच आवाजात. परवाना म्हणजे काय हे मी शिक्षकांना शंभरदा सांगितलं असेन. ते कळलं या आजीच्या आवाजाने.

त्याच वर्षी डिसेंबरात परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, ते पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी नावाजलेले जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्यांत वाटली. आमच्या स्टाफरूमला क्यूआर कोडबद्दल अचानक उमाळा आला. मीही त्यातलीच. शाळा उघडल्यावर मुलांकडून पुस्तकांची ओळख दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करून घेतली आणि साठ पुस्तकांच्या पाठीमागे कोड चिकटवले. फोन धरला की नववीतला कुणीतरी सांगणार, हे पुस्तक का वाचावं. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक झालं, फोटो निघाले, सगळं साग्रसंगीत.

महिना उलटायच्या आत एकही कोड चालेना. जिथून मी ते फुकट बनवले होते ती साइट आता पैसे भरा म्हणत होती. गूढ उकललं ते दहावीतल्या एका मुलाने. “मॅडम, तुम्ही डायनॅमिक घेतलेत.” साध्या कोडच्या पोटात खरा पत्ताच असतो, तो पत्ता चालू आहे तोवर कोड मरत नाही. दुसऱ्या प्रकारात पोटात असतो त्या साइटचा पत्ता, आणि ती आपल्याला पुढे पाठवते. तिने हात वर केले की संपलं. हा कोड जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला जन्मला. तीस टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता यावा अशीही त्यात सोय करता येते. म्हणजे चौकोन फाटला, डागाळला तरी चालतो, पण घरमालकाने बाहेर काढलं तर नाही. मला माझा जुना फॉन्ट आठवला. मधल्या माणसाच्या भरवशावर ठेवलेली नोंद मी दुसऱ्यांदा गमावली होती. निळ्या वहीत त्या मुलाचं नाव ‘कोणी दिलं’ म्हणून लिहिलं. तोवर तो रकानाच नव्हता, समासात आखला.

एआयचं म्हणाल, तर त्याची नोंद वहीत उशिरा झाली, पण भेट आधीच झाली होती. विज्ञानाच्या मॅडमनी प्रकल्पासाठी मुलांना संदर्भ पुस्तकांची यादी दिली. मराठीतली आठ पुस्तकं. मुलं चिठ्ठ्या घेऊन आली. तीन आमच्याकडे होती. उरलेल्या पाचांसाठी मी तालुक्याच्या वाचनालयात फोन केला, दोन प्रकाशकांना केला. लेखक खरे. प्रकाशकही खरे. पुस्तकं मात्र अशी कधी निघालीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, यादी कुठली? त्या जरा ओशाळल्या. एआयने करून दिली होती.

वीस वर्षांत मी हरवलेली पुस्तकं शोधली, चोरलेली शोधली, चुकीच्या फळीवर गेलेली तर रोजच. नसलेली पुस्तकं शोधायची ही पहिलीच वेळ. गंमत अशी की मॅडमपेक्षा जास्त उत्सुकता मलाच वाटली. त्यातलं एक नाव इतकं चांगलं होतं की असायला हवं होतं ते पुस्तक. आम्ही दोघींनी मिळून नववीला एक तास घेतला : हीच यादी, आणि यातली खरी कोणती ते शोधा. सूची बघा, आयएसबीएन बघा, मराठी विश्वकोशात लेखकाची नोंद आहे का बघा. एका मुलाने बरोबर पेचात पकडलं, “मॅडम, दाखल नोंदवहीतलं १९७२ सालचं हे पुस्तक बघा, याला पण आयएसबीएन नाही. मग हे खोटं का?” मी कपाटातून ते पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. पुस्तक हातात असलं की वाद मिटतो. नसलं की काय करायचं, यावर उरलेला तास गेला आणि घंटा झाली तरी संपला नाही.

या जूनमध्ये शाळेला भलामोठा स्पर्शफलक आला. भिंतीएवढा फोनच म्हणा. बसवायला आलेल्या माणसाने वीस मिनिटांत सगळं भराभर दाखवलं, चहा घेतला आणि गेला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती जुनी नजर ओळखू आली. गणिताच्या सरांनाही आली असावी, कारण ते मागे उभे राहून हसत होते.

“मॅडम, एकदा सगळ्यांना—”

“सात दिवस द्या,” मी म्हटलं.

खाली येऊन निळी वही काढली. पानं संपत आलीत. तारीख टाकली, माझंच नाव लिहिलं, पुढे ‘स्पर्शफलक’, सात दिवस, सही. आज चौथा दिवस. रोज शाळा सुटल्यावर शिपाई मामा वर्ग उघडून देतात आणि मागच्या बाकावर बसून मी काय करते ते बघतात. काल त्यांनीच दाखवलं की दोन बोटांनी चित्र मोठं होतं, त्यांच्या नातवाच्या फोनवर होतं तसं. समासातल्या रकान्यात त्यांचं नाव घातलं. रिमोट कुणी नेला ते मात्र अजून कळलेलं नाही.